पुण्याच्या पेठांमधून पायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कसबा पेठ आणि मंडईच्या परिसरात मी गेली काही वर्षं लोकांना पायी फिरवते. फेरीची चौकशी करणाऱ्या निरोपांमध्ये तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एखादा मुद्दा आधी सांगून झाला असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेठांची फेरी म्हणजे नक्की काय? पुणे दर्शनच्या बससारखंच का?

नाही. बस पोचेल असं यात जवळजवळ काहीच नाही. अडीच तास, तीन किलोमीटरच्या आत, सगळं पायी. माझ्या दोन वाटा आहेत. कसब्याची वाट शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून निघते आणि लाल महाल, कसबा गणपती असं करत तांबट आळीत जाते. मंडईची वाट महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा आणि बेलबाग अशी आहे. एका दिवशी एकच वाट. दोन्ही एकदम करून द्या असा आग्रह खूपजण धरतात, पण तिसऱ्या तासानंतर कुणाचंच लक्ष राहत नाही आणि मग नुसतं चालणं उरतं.

एका फेरीत बारा माणसं, जास्त नाही. वाड्याच्या बोळात ओळीने उभं राहिलं की तेराव्या माणसाला ऐकू येत नाही.

२. माझा जन्म पुण्याचा, लहानपणापासून तुळशीबागेत जातोय. मला यात नवीन काय मिळणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि फेरीला येणाऱ्यांत पुणेकरच जास्त असतात.

आपण पेठांमधून कामासाठी जातो: लग्नाचा बस्ता, भांडी, गणपतीची खरेदी. नजर पायाखालच्या गर्दीवर आणि दुकानांच्या पाट्यांवर असते. पहिल्या मजल्याच्या वर सहसा कुणी बघत नाही. विश्रामबागवाड्यासमोरून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल, पण त्याच्या दर्शनी सज्ज्याचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब किती जणांनी थांबून पाहिलेत? दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा, साधारण १८०७ चा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज उभं राहिलं.

नावांचंही तसंच. शुक्रवार पेठ आधी विसापूर होती, रविवार पेठ मलकापूर आणि गुरुवार पेठ वेताळ पेठ. सदाशिव पेठेला पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव आहे, नारायण पेठेला नारायणरावांचं. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर ही नावं आपण पत्ता सांगताना सहज वापरतो. प्रत्येकामागे कुठला तरी बाजार, धंदा, नवस किंवा एखादी घटना आहे.

शिवाय पाणी. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं आणि ते जागोजागी हौदांत सोडलं. फडके हौद, काळा हौद, नाना हौद ही आज नुसती चौकांची आणि थांब्यांची नावं वाटतात. एकेकाळी तिथे खरोखर लोक घागरी घेऊन उभे असत. ऐंशीच्या घरातल्या एक आजी फेरीला आल्या होत्या. एका हौदाच्या जागी आल्यावर त्या अचानक थांबल्या आणि आपल्या सासूबाई इथून पाणी कसं भरायच्या ते कमरेवर हात ठेवून दाखवायला लागल्या. पुढची दहा मिनिटं मी गप्प उभी होते. त्या दिवशी फेरी त्यांनी घेतली.

३. शनिवारवाड्यात आता आहे काय? जोतीच तर उरलीत.

हो, आणि ती जोतीच नीट बघायची आहेत. १७३० च्या जानेवारीत थोरल्या बाजीरावांनी पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकडी काम सगळं गेलं. तटाची भिंत खाली दगडी आणि वर विटांची का, यावर एक गोष्ट सांगतात: पूर्ण दगडी वाडा बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, म्हणून साताऱ्याहून हरकत आली. गोष्ट ऐकायला चांगली आहे. मी ती गोष्ट म्हणूनच सांगते.

दिल्ली दरवाजापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घेते. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, म्हणजे धडक द्यायला हत्ती आणला तर तो मागे फिरावा. त्याच दारात माणसांसाठी छोटी दिंडी आहे, वाकूनच आत यावं लागेल अशी. मुलांना मी एकेकाला त्या उंचीने वाकून चालायला लावते. वाकलेला माणूस तलवार उपसू शकत नाही, हे मग सांगावं लागत नाही.

४. पौर्णिमेच्या रात्री 'काका, मला वाचवा' खरंच ऐकू येतं का? रात्रीची भुताची फेरी घेता का?

घेत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला गणेशोत्सवाच्या दिवसांत गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांचं वय तेव्हा जेमतेम अठरा होतं. एवढं इतिहासात पक्कं आहे. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे, ती मी आख्यायिका म्हणून सांगते आणि तसं स्पष्ट म्हणते.

भुताबद्दल विचाराल तर मला त्या मुलाचं फार वाईट वाटतं. एका कोवळ्या पोराचा जीव जिथे गेला तिथे अंधारात किंचाळायला लोकांना नेणं माझ्याच्याने होत नाही. रात्री वाडा बंदही असतो.

५. तांबट आळीत काय बघायचं? काही विकत घ्यावं लागतं का?

विकत घ्यायची सक्ती नाही, आणि मला कुठल्याही दुकानातून कमिशन मिळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. ठण्, ठण्, ठण्, दोन-तीन घरांतून वेगवेगळ्या तालात. तांब्याचं भांडं आकाराला आलं की लोखंडी आधारावर उलटं ठेवून त्यावर हातोडीने एकाशेजारी एक गोल ठसे उठवतात. याला मठारणं म्हणतात. आपल्याला ती नक्षी वाटते, पण त्या ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं, पत्रा चेपत नाही. एका हाताने हातोडी पडते आणि दुसरा हात भांडं केसभर फिरवत राहतो. कारागीर आपल्याशी बोलत असला तरी ठशांची ओळ वाकडी जात नाही. ओल्या चिंचेने घासलेलं भांडं काळपटाचं एकदम गुलाबी होतं, तो क्षण बघायला मिळाला तर बघाच.

पूर्वी इथे बंब मोठ्या प्रमाणावर घडायचे. गिझर आले आणि बंब माळ्यावर गेले. आता पेले, दिवे, शोभेच्या वस्तू जास्त दिसतात. कारागिरांशी बोला, पण काम चालू असताना 'एक फोटो, जरा इकडे बघा' असं म्हणू नका. त्यांची रोजची मजुरी कामावर ठरते.

६. वाड्यांच्या आत नेता का?

काही वाड्यांत, आणि फक्त तिथे राहणाऱ्यांनी हो म्हटलं तर. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी विचारते. घरात आजारपण, परीक्षा, सुतक काहीही असू शकतं, त्यामुळे ठरलेला वाडा ऐनवेळी वगळावा लागतो. त्याचे पैसे परत मागू नका, ही विनंती.

हा नियम मी एका चुकीनंतर केला. सुरुवातीच्या दिवसांत एका वाड्याचं दार उघडं दिसलं म्हणून मी गट सरळ चौकात नेला. तिथे एक मावशी नळावर कपडे धूत होत्या. गटातल्या एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. त्या काही बोलल्या नाहीत. हात पुसले, उठल्या, आम्ही बाहेर येईपर्यंत थांबल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. नंतर मी एकटी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहाही दिला. पण त्या वाड्यात मी पुन्हा गट नेला नाही.

आत गेल्यावर चप्पल कुठे काढायची ते घरातली माणसं सांगतील. ओटी आणि चौक यांच्या पुढे पाऊल नको. भाडेकरू आणि मालक यांचा दावा चालू आहे का, वाडा बिल्डरला कधी जाणार, हे त्यांना विचारू नका. बहुतेक वाड्यांत ती जखम ओली असते.

७. फोटो काढले तर चालतील ना?

इमारती, रस्ते, कोरीव काम: खुशाल. माणसं: विचारून. घराच्या आत: नाही, कारण सहाव्या उत्तरात आहे. शनिवारवाड्यात मोबाइलने फोटो काढता येतात. तिवई लावायची किंवा ड्रोन उडवायचा तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते. लग्नाआधीच्या शूटिंगसाठी फेरीला येऊ नका, बाकीचे अकरा जण ताटकळतात.

८. बुधवार पेठेची 'ती' बाजू दाखवता का? आणि बायकांना त्या भागात फिरणं सुरक्षित आहे का?

दाखवत नाही. तिथे राहणाऱ्या बायका कुणाच्या सहलीतलं ठिकाण नाहीत. त्यांच्या दारावरून बारा माणसांची रांग टक लावून बघत जाणार, या कल्पनेनेच मला शरम वाटते. जास्त पैसे देतो म्हणून हे विचारणारे निरोप येतात, उत्तर तेच.

सुरक्षिततेचं म्हणाल तर बुधवार पेठ खूप मोठी आहे. त्यात दगडूशेठ गणपती आहे, तांबडी जोगेश्वरी आहे, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आहेत. आमची वाट तिथून जाते, आणि गटात निम्म्याहून जास्त बहुतेकदा बायकाच असतात.

९. भिडेवाडा बघायचाय. फेरीत आहे का?

जागा आहे, वाडा नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथे स्मारक करायचं ठरलं आहे. लोक खूप लांबून येतात आणि समोर काहीच नाही हे बघून खचतात, म्हणून आधीच सांगते.

तरी मी तिथे थांबतेच, आणि तिथून मंडईकडे बोट दाखवते. १८८६ साली उघडलेली ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत तेव्हा 'रे मार्केट' होती, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची. पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना जोतिरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. गरिबांच्या शिक्षणावर पैसा लावा असं त्यांचं म्हणणं. आज त्याच इमारतीला त्यांचं नाव आहे. भाजी घेताना हे आठवत राहावं असं मला वाटतं.

१०. तुमच्याकडे गाईडचा परवाना आहे का? गाईड खरा की ऐकीव गोष्टी सांगणारा, हे कसं ओळखायचं?

प्रश्न रास्त आहे, सगळ्यांनी विचारावा. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. आतली माहिती सांगायला मी ओळखपत्र असलेल्या गाईड सहकाऱ्याला बरोबर घेते. गल्ल्यांमध्ये फिरवायला तसा परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे पारख तुम्हालाच करावी लागते.

माझी खूण एकच. 'हे कशावरून?' असं विचारा. चांगला गाईड सांगेल की हे कागदावर आहे, हे शिलालेखात आहे, आणि हे मी आजीकडून ऐकलं. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपती मंदिर घ्या. तिथे संस्कृत आणि फारसी दोन्ही शिलालेख आहेत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम आहे, आणि दर्शनी भागावर साखळदंडाने बांधलेला गेंडा कोरला आहे, शेजारी बंदुकधारी गोरे शिपाई. इथपर्यंत डोळ्यांना दिसतं. हा प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल गिळल्याचा संकेत आहे, हा अर्थ अभ्यासकांनी लावलेला. अर्थ पटण्यासारखा आहे, पण दिसलेलं आणि लावलेलं यांतला फरक गाईडने सांगितलाच पाहिजे.

लाल महालाचंही तेच. शाहिस्तेखानावरचा छापा ५ एप्रिल १६६३ चा, पण आज उभी आहे ती इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली. 'याच खिडकीतून खान पळाला' असं कुणी सांगू लागलं तर सावध व्हा.

११. कधी यावं? पावसात फेरी असते का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात. दुकानं उघडायच्या आधी वाड्यांची दारं, तुळया, कोनाडे मोकळे दिसतात. साडेनऊला फेरी संपते तेव्हा अमृततुल्यमध्ये पितळी पातेल्यातला वेलदोड्याचा चहा असतो. तो फेरीच्या पैशांत धरलेला आहे.

पावसात फेरी असते, मुसळधार असेल तर पुढे ढकलते. जुन्या वाड्यांच्या भिंतींजवळ पावसाळ्यात उभं राहू देत नाही. माती-विटांचं बांधकाम पाणी पिऊन फुगतं. एप्रिल-मे नको.

१२. गणेशोत्सवात किंवा पालखीच्या दिवशी फेरी ठेवाल का?

गणेशोत्सवात पहिले चार दिवस पहाटे साडेपाचला, तेही सहा जणांसाठी. मानाच्या पाच गणपतींची वाट: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. त्यानंतरचे दिवस आणि विसर्जन मिरवणूक मी घेत नाही; गर्दीत बारा माणसांची जबाबदारी मला पेलत नाही.

पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा फेरी बंद. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. त्या दिवशी गाईड कशाला हवा? जा आणि कुठल्याही दिंडीच्या बाजूने चाला.

१३. पैसे किती? टिप द्यायची का?

माणशी चारशे रुपये, बारा वर्षांखालच्या मुलांना निम्मे. शनिवारवाड्याचं तिकीट वेगळं, ते ज्याने त्याने काढायचं; तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. टिप मला नको. द्यावंसंच वाटलं तर तांबट आळीतून एखादी वस्तू घ्या.

१४. कसं पोचायचं? गाडी कुठे लावायची?

गाडी आणू नका. कसबा पेठ आणि मंडई अशी दोन्ही भुयारी मेट्रो स्थानकं सप्टेंबर २०२४ पासून चालू आहेत आणि दोन्ही वाटांच्या तोंडाशीच आहेत. पहिली मेट्रो गाठून सातला पोचता येत नसेल तर रिक्षा करा, किंवा बसने मनपाला उतरून नव्या पुलावरून चालत या.

१५. वाटेत स्वच्छतागृहाची सोय आहे का?

हा प्रश्न बायका फोनवर आवाज हळू करून विचारतात. मोठ्याने विचारा. दोन्ही वाटांवर एकेक ठिकाण मी ठरवून ठेवलेलं आहे, साधारण मध्यावर, आणि न विचारता तिथे थांबते.

१६. आईचं वय पंचाहत्तर, गुडघे दुखतात. आणि व्हीलचेअर असेल तर?

मंडईची वाट त्यातल्या त्यात सपाट आहे. बसायला चार जागा काढून ठेवल्यात, त्यातली एक देवळाच्या ओसरीवर. आईंना घेऊन या आणि मला आधी सांगा, मी वेग कमी करते.

व्हीलचेअरचं खरं ते सांगते: पदपथ सलग नाहीत, उंबरे उंच आहेत, वाड्यांत शिरता येत नाही. अशा वेळी मी वेगळी, छोटी वाट करते, शनिवारवाड्याचं पटांगण आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा खालचा मजला. सुपाऱ्या फोडायचे अडकित्ते, दिवे, दारांच्या चौकटी, म्हणजे वाड्यात जे असायचं ते तिथे जवळून बघता येतं.

१७. आमचे आजोबा १९६० च्या आधी नारायण पेठेत राहायचे. आम्ही आता बाहेरदेशी असतो. तो वाडा शोधून द्याल का?

प्रयत्न करते, आणि हे काम मला मनापासून आवडतं. अमेरिकेतून, इंग्लंडमधून, इंदूर-बडोद्याहूनही असे निरोप येतात. तिसऱ्या पिढीकडे बहुतेकदा एवढंच असतं: 'घर नंबर अमुक, नारायण पेठ, ओंकारेश्वराजवळ'.

दोन अडचणी. घरांचे जुने क्रमांक आणि आजचे सिटी सर्व्हे नंबर वेगवेगळे असतात. मालकी घराण्यात असेल तर मिळकत पत्रिकेचा उतारा नगर भूमापन कार्यालयातून काढता येतो, पण भाडेकरूंची नावं त्यावर नसतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा भाडेकरूच होते. दुसरी अडचण १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली घरंच्या घरं बसली.

म्हणून जुनी पाकिटं शोधा, नुसती पत्रं नकोत. पाकिटावर 'अमुक यांचा वाडा' असा मालकाच्या नावाने पत्ता असतो, आणि वाडा गेला तरी ते नाव शेजाऱ्यांना आठवतं. लग्नपत्रिकाही चालते. येण्याच्या महिनाभर आधी पाठवा.

गेल्या हिवाळ्यात एक बाई असं पाकीट घेऊन आल्या. वाड्याच्या जागी सहा मजली इमारत होती. समोरच्या किराणा दुकानातल्या काकांनी पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "यांच्याकडे पेटी होती. संध्याकाळी वाजवायचे." बाईंना आजोबा पेटी वाजवत हे माहीतच नव्हतं.